पौषानंतरचं लग्न: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कॅसेटचा प्रकरण अभ्यास

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका गावठाणात जुनं घर पाडून इमारत उभी करायचं ठरलं. माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. साठ मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेल्या, वरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत एवढंच: 'लगीन ८४'. घर आगरी. घरातल्या आजींनी कॅसेट ओळखली. त्यांच्या धाकट्या नणंदेच्या लग्नात घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर, भरलेली ती कॅसेट होती. ते लग्न मार्गशीर्षात, म्हणजे जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबाराच्या आधी झालं, असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

नातवाने कॅसेट वाजवून मोबाईलवर टिपली, एका ॲपमधून आवाज 'स्वच्छ' केला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी एका बाईचा आवाज आहे. चढलेला, घाईचा, थरथरता. ती म्हणते, "जासयची मानसा नाय आली. त्यांचा वाटा बाजूला ठेव." ग्रुपवर हे वाक्य ऐकून तरुण मुलं हलून गेली. त्यांच्या मते हा गोळीबारानंतरचा आक्रोश होता, आपल्याच गावातल्या बाईच्या तोंडचा. येत्या १६ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमात तो लोकांना ऐकवायचा, असं ठरलं.

आजींना ते मान्य नव्हतं. लग्न आधी झालं, तर त्यात शोक कुठून येणार? नातू म्हणत होता, कान खोटं बोलत नाहीत. हा वाद घेऊन ती माणसं माझ्याकडे आली. मी ठाण्यात इतिहास शिकवते आणि घराघरांत पडून असलेल्या ध्वनिफिती उतरवून ठेवण्याचं काम काही सहकाऱ्यांबरोबर करते. दोघांचंही म्हणणं मी लिहून घेतलं आणि मूळ कॅसेट मागितली.

पार्श्वभूमी, थोडक्यात

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भाताची खाचरं, मिठागरं, खाडीकाठच्या खारजमिनी, सगळंच त्यात आलं. मोबदल्याच्या प्रश्नावर प्रकल्पग्रस्तांचा लढा उभा राहिला. त्याचं नेतृत्व जासईचे दि. बा. पाटील यांनी केलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, जासई आणि आसपासच्या भागात, पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९९० साली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, तिच्यामागे हा लढा आहे. या पट्ट्यात नुसतं 'गोळीबार' म्हटलं की कुठला, असं कोणी विचारत नाही.

या इतिहासाची कागदपत्रं भरपूर आहेत: भूसंपादनाच्या अधिसूचना, निवाडे, सात-बाराचे उतारे, विधिमंडळातली भाषणं, वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यांत बायका जवळजवळ नाहीतच, आणि असल्या तर खातेदार म्हणून अंगठ्यापुरत्या. त्या वर्षी घरात काय बोललं जात होतं, कोणाच्या पंगतीला कोण होतं, कोण आलं नाही, हे कागदावर उतरण्याचं कारणच नव्हतं. ते उतरलं असेल तर अशाच एखाद्या कॅसेटवर, लग्नाची हौस म्हणून बटण दाबलं गेल्यामुळे. म्हणून ही कॅसेट मला मोलाची वाटली, आणि म्हणूनच तिची कसून तपासणी करायला हवी होती.

ध्वनिमुद्रण आणि इतिहास म्हटलं की आपल्याकडे आधी ब्रिटिश अधिकारी जॉर्ज ग्रिअर्सन यांचं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण आठवतं. त्याचा मराठीचा खंड १९०५ साली छापला गेला आणि कोकणातल्या बोलींचे नमुने त्यात कागदावर आले. पुढे १९१३ ते १९२९ या काळात त्याच सर्वेक्षणासाठी देशातल्या अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या भरल्या गेल्या. त्यांत बहुतेकदा एक ठरलेली गोष्ट सांगायला लावलेली असे, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. माणूस यंत्रासमोर बसून बोलतो, कारण त्याला बोलायला बसवलेलं असतं. त्यापेक्षा आपल्या जवळचं काम म्हणजे पुण्यात गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी उभं केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं संकलन. एक लाखाहून जास्त ओव्या त्यात आहेत आणि त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित आहेत. तिथे बाई आपलंच गाते, पण समोर ऐकणारा आहे हे तिला ठाऊक असतं. लग्नाच्या कॅसेटमध्ये तेही नाही. यंत्र गाण्यासाठी लावलेलं असतं आणि बाकी सगळं त्यात आपोआप शिरतं. या आपोआप शिरलेल्या आवाजांवरच पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

आधी यंत्राला विचारलं

कॅसेटवर बुरशी होती. खाडीकाठच्या दमट हवेत ती असतेच. फीत कोरडी करून, स्वच्छ करून नव्या कवचात घातली. आतली फेल्टची गादी गळून पडली होती, ती नवी बसवली. या तपशिलात फार शिरत नाही, हे काम कुठलाही जुना टेपदुरुस्तीवाला सांगू शकेल. डेकचा वेग तपासून घेतला, हेडचा कोन या फितीला जुळेल असा स्क्रू फिरवून लावला आणि दोन्ही बाजू ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवल्या. या मूळ डिजिटल प्रतीतला एकही आवाज पुसला नाही, काही चढवलं नाही, कापलं नाही.

ही प्रत ऐकताना पहिल्यांदाच एक गोष्ट कानावर आली, जी ग्रुपवर फिरलेल्या फाईलमध्ये नव्हती. संपूर्ण दुसऱ्या बाजूखाली एक बारीक गुणगुण आहे. मांडवात लाउडस्पीकर लावलेला होता आणि त्याच्या ॲम्प्लिफायरची विजेची गुणगुण टू-इन-वनच्या माइकने पकडली होती. टू-इन-वन स्वतः मात्र सेलवर चालत होता. धवलारणीच्या, म्हणजे लग्नात धवला ही विधींची गाणी गाणाऱ्या बाईच्या, पुढ्यात जमिनीवर ठेवलेला. तिथवर वायर पोचत नव्हती, असं आजींनी सांगितलं.

आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो. म्हणजे ही गुणगुण ५० हर्ट्झला किंवा त्याच्या पटीत दिसायला हवी. संगणकावर तिचा आलेख काढला. बाजूच्या सुरुवातीला ती ५०ला आहे. मध्यावर ती ५१च्या वर सरकते. बाजू संपताना ती ५३ला पोचते. त्या काळात विजेचं आवर्तन बरंच खालीवर व्हायचं, हे खरं. पण ते अर्ध्या तासात सरळ रेषेत चढत ५३पर्यंत जाणं शक्य नाही. मग चढलं काय?

ज्यांनी सेलवर टेप चालवलाय त्यांना उत्तर लगेच सुचेल, तरी नीट सांगते. सेल उतरत गेले की रेकॉर्ड करताना मोटर मंदावते. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर जायला हवी, ती कमी जाते. म्हणजे तेवढाच आवाज कमी लांबीच्या फितीवर दाटीने बसतो. पुढे कधीतरी ती फीत चांगल्या डेकवर योग्य वेगाने वाजवली की तो दाटलेला आवाज भरभर सुटतो. सूर चढतो, बोलणं घाईचं होतं. वाजवताना सेल उतरले की आवाज जड आणि मंद होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. भरताना उतरले तर उलटं होतं, आणि ते सहसा लक्षात येत नाही.

५० वरून ५३ म्हणजे सहा टक्के. गाणाऱ्यांच्या भाषेत, षड्ज जवळजवळ कोमल ऋषभाला जाऊन भिडतो. आणखी एक गोष्ट: शेवटच्या काही मिनिटांत ती गुणगुणही थरथरते. अशक्त मोटर एकसारखी फिरत नाही, मधेच रेटते, मधेच ढिलावते. जी थरथर मुलांना त्या बाईच्या गळ्यात ऐकू आली, तीच आलेखात विजेच्या गुणगुणीतही दिसते. वीज काही रडत नव्हती.

फाईल 'स्वच्छ' करणाऱ्या ॲपने काय केलं, ते इथे समजून घ्यायला हवं. असं ॲप एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून काढून टाकतं आणि माणसाचं बोलणं पुढे आणतं. त्याचं काम त्याने चोख केलं. पण त्यात ती गुणगुण गेली, म्हणजे वेग तपासायचं घड्याळ गेलं. उरला तो बाईचा चढलेला, कापरा आवाज, एकटा, भोवतीचा मांडव काढून घेतलेला. ऐकणाऱ्याला तो आक्रोश वाटला तर त्याचा दोष नाही.

भोंगा

ॲपने काढून टाकलेला दुसरा आवाज या सगळ्या कॅसेटमधला मला सर्वांत मौल्यवान वाटतो.

दुसरी बाजू सुरू झाल्यावर साधारण नऊ मिनिटांनी, धवला चालू असताना, लांबून एक भोंगा ऐकू येतो. एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या कुठल्यातरी कारखान्याचा. धवलारीण थांबत नाही. ज्या ओळीवर आहे ती ओळ ती पुरी करते, शेवटचा स्वर नेहमीपेक्षा थोडा लांबवते आणि भोंगा विरला की पुढची ओळ घेते. सवयीचं आहे हे तिच्यासाठी. मागे पुरुषांच्या आवाजात हालचाल होते. एक जण मोठ्याने म्हणतो, "सेकंडवाल्यांनी आधी बसून घ्या." भांड्यांचा आवाज, पाट सरकवल्याचा आवाज. पंगत बसते. टेपवर साडेचौदा मिनिटांनी तोच भोंगा पुन्हा होतो. या वेळी धवलारणीच्या आसपासचे पुरुषांचे आवाज बरेच विरळ झालेले असतात.

गावातल्या दोन निवृत्त कामगारांना हे ऐकवलं. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं: पहिला भोंगा पावणेतीनचा, दुसरा तीनचा, दुसरी पाळी सुरू. म्हणजे खऱ्या घड्याळात पंधरा मिनिटं, टेपवर साडेचौदा. मधल्या काळात मोटर सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास मंद होती, हे गुणगुणीचा आलेख जे सांगत होता त्याच्याशी चपखल जुळतं. शिवाय एकाच भोंग्याचा सूर दुसऱ्या खेपेला चार टक्के चढलेला आहे. गळ्याचा सूर भावनेने चढतो, कारखान्याच्या भोंग्याचा चढत नाही. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आल्यावर मी वेगाचा प्रश्न मिटला असं धरलं. गुणगुण सगळीकडे ५०ला येईल अशी वेग सुधारलेली वेगळी प्रत काढली. मूळ प्रत होती तशीच ठेवली.

पण भोंग्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. ही पंगत नीट ऐकायला हवी. आगरी लग्नात, किंवा कुठल्याही लग्नात, पहिल्या पंगतीला कोण बसतं याला मान असतो. वरपक्ष, वडीलधारे, मानकरी. इथे पहिली पंगत 'सेकंडवाल्यां'ची आहे. कोणी कुरकुर करत नाही, कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे ही रीत तोवर रुळलेली होती. लग्नाचं जेवण कारखान्याच्या पाळीप्रमाणे वाढलं जात होतं.

लढ्याचा इतिहास सांगताना आपण बहुतेकदा शेतकरी आणि शहर असे दोन पक्ष उभे करतो. एकीकडे भात आणि मीठ, दुसरीकडे नकाशा आणि इमारती. या मांडवातली माणसं त्या चित्रात नीट बसत नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने साठच्या दशकापासून येत होते, सिडकोच्या आधीपासून. १९८४ साली या घरातले पुरुष सकाळी खाचरात किंवा खाडीत आणि दुपारी मशीनवर असे दोन्हीकडे होते. त्यांची जमीन जात होती तेव्हा त्यांचा दिवस आधीच भोंग्याने वाटून घेतलेला होता. लढ्याचं बळ यातून कमी होत नाही. उलट, ही माणसं पाळी सांभाळून मोर्चाला जात होती, हे त्या लढ्याबद्दल आजवर कुठल्याही भाषणात मी न ऐकलेलं सत्य आहे. ते मला एका बल्लवाच्या हाकेतून मिळालं.

तारीख

आता आजी आणि नातू यांच्यातला मूळ वाद: लग्न आधी की नंतर?

वर्ष फारसं वादात नव्हतं. चिठ्ठीवर ८४ आहे आणि नणंदेचं पहिलं मूल त्याच वर्षी दिवाळीनंतर झालं. त्यामुळे १९८३च्या अखेरचा मार्गशीर्ष किंवा १९८४चा माघ, हे दोनच पर्याय खरेखुरे समोर होते. मधला पौष सोडून द्यावा लागतो, कारण पौषात या घरांत लग्न धरत नाहीत. गोळीबाराचे दोन्ही दिवस, १६ आणि १७ जानेवारी, त्याच पौषातले. म्हणजे लग्न मार्गशीर्षातलं असेल तर गोळीबाराच्या आधी, माघातलं असेल तर नंतर. प्रश्न इतका स्वच्छ क्वचितच असतो.

उत्तर पहिल्या बाजूवर होतं. तिच्या सुरुवातीच्या काही मिनिटांवर पुढे कोणीतरी सिनेमाची गाणी भरून ठेवली आहेत, तेवढा भाग कायमचा गेला. त्यानंतर मांडवाचीच गडबड आहे. धवला सुरू व्हायच्या आधी यंत्राजवळ बसलेल्या दोन बायका बोलताहेत. एकीने यंदा संक्रांतीला काय वाण लुटलं ते सांगितलं. दुसरी म्हणाली की तिचं हळदीकुंकू अजून राहिलंय, रथसप्तमीच्या आत उरकायचंय. विषय तिथेच सोडून दोघी नवरीच्या साडीकडे वळतात.

संक्रांत जानेवारीच्या मध्यावरची. हळदीकुंकू चालतं ते माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत. वाण लुटून झालंय, म्हणजे संक्रांत गेली. रथसप्तमी यायचीय, म्हणजे माघ शुद्ध सप्तमी आलेली नाही. आणि पौषात लग्न नाही. उरतो माघाचा पहिला आठवडा. त्या वर्षी माघ फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागला. याच आठवड्यात वसंत पंचमी येते, जी लग्नाला हमखास धरली जाते. लग्न गोळीबारानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी झालं.

या दोघी बायकांना आपण एका तारखेची साक्ष देतोय याची पुसटशी कल्पना नव्हती. म्हणूनच ती साक्ष मला भरवशाची वाटते. तरी कॅसेटवरच सगळा भार टाकायचा नाही, म्हणून घरात दुसरं काही आहे का ते विचारलं. लग्नपत्रिका मिळाली नाही. आहेराची वही मिळाली, वाळवीने पहिली पानं खाल्लेली. तारखेचं पान गेलेलं. पण शेवटच्या पानावर एकूण बेरीज करून खाली रेघ मारलेली आहे, आणि रेघेखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने, 'जासई' असं लिहून चार नावं आणि त्यांच्यापुढे आहेराच्या रकमा आहेत. त्यांची बेरीज वरच्या बेरजेत धरलेली नाही. ती माणसं लग्नाच्या दिवशी आली नव्हती. नंतर कधीतरी आली.

आजींचं म्हणणं

म्हणजे नातवाची तारीख बरोबर निघाली आणि आजींची चूक. आक्रोशाबाबत मात्र आजी बरोबर निघाल्या आणि नातू चूक. इथे प्रकरण मिटवता आलं असतं. मला ते मिटवावंसं वाटलं नाही, कारण आजींची तारीख का सरकली हा मला तारखेपेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा एक तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मारला गेला. नाटो करारात सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनात. इतिहासकार अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली यांनी अनेक वर्षांनी तिथल्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी हा मृत्यू १९५३चा सांगितला, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या दंगलीतला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. ती माणसं तो मृत्यू त्यांच्या दृष्टीने जिथे शोभेल, जिथे त्याला अर्थ येईल, तिथे नेऊन ठेवत होती, असं त्यांनी दाखवलं. मौखिक इतिहासाचा हा धडा जगभर शिकवला जातो, आणि तो मला या गावठाणात शब्दशः समोर दिसला.

आजींना मी वेग सुधारलेली प्रत ऐकवली. आवाज ऐकताक्षणी त्या म्हणाल्या, ही नवरीची आत्या, वाढपाचं सगळं तीच बघत होती. सुधारलेल्या प्रतीत आत्याचा आवाज खालच्या पट्टीतला, शांत, कामाच्या गडबडीतल्या बाईचा आहे. अमकी माणसं आली नाहीत, त्यांचा वाटा काढून ठेव. पीठ संपलंय, आण, असं सांगावं त्या सुरात. आजींना तो वाटाही आठवला: लाडवांचा पितळी डबा, फडकं बांधून फळीवर ठेवलेला. मग वहीतली रेघ त्यांना दाखवली. त्यांनी ती बोटाने चाचपली, चारही नावं वाचली, त्यातल्या दोघांची नाती सांगितली. आणि तरीही म्हणाल्या, लग्न मार्गशीर्षातलंच. "गोलीबार झाल्यावर लगीन केला आसता कय आमी?"

या वाक्यात उत्तर आहे. मुहूर्त आधी धरलेला, दोन्ही घरांनी खर्च केलेला, लग्न झालं. कोणी कोणाला बोल लावला नाही, जासईची माणसंही नंतर येऊन आहेर करून गेली. पण पुढच्या वर्षांत, दरवर्षीच्या हुतात्मा दिनाबरोबर, गोळीबार गावाच्या मनात इतका मोठा होत गेला की त्याच्यानंतर तीन आठवड्यांत मांडव घातला होता ही गोष्ट आठवणीत राहणं अवघड झालं. मग लग्न सरकलं. मार्गशीर्षात गेलं, जिथे त्याला त्रास नव्हता. माझं वाचन असं आहे. कॅसेट नसती तर आजींची तारीख मी मान्य केली असती आणि हा सरकलेला महिना माझ्या नजरेतून सुटला असता. आणि आजी नसत्या तर कॅसेटवरून मला एक तारीख कळली असती, पण त्या तारखेचं ओझं कळलं नसतं.

आजींच्या परवानगीने त्यांचं हे सगळं बोलणं वेगळं ध्वनिमुद्रित केलं. त्यांना दुरुस्त करायचा प्रयत्न कोणी केला नाही.

मुलांशी झालेलं बोलणं

तरुण मुलांची समजूत पटायला वेळ लागला, आणि ते स्वाभाविक होतं. एकाने मला सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही आमचा शोक काढून घेताय का?" मी सांगितलं की शोक नव्हता असं मी म्हणत नाही. आत्याच्या मनात काय होतं ते फीत सांगू शकत नाही, कुठल्याही वेगाने वाजवली तरी. फीत एवढंच सांगते की त्या दुपारी, चारचौघांत, ती हे वाक्य साध्या आवाजात बोलली आणि तिने वाटा काढून ठेवायला लावला. वही सांगते की तो वाटा घ्यायला माणसं आली. यापुढचं जे काही आपण म्हणू ते आपलं असेल, तिचं नसेल, आणि ते तसं सांगून म्हणायला हरकत नाही.

माझं स्वतःचं मत मी त्यांच्यापासून लपवलं नाही. रडणारी बाई त्या इतिहासाबद्दल आपल्याला नवं काही सांगत नाही. तिच्याबद्दल आपण आधीच सगळं ठरवलेलं असतं. तीन आठवड्यांपूर्वी नात्यातल्या गावावर गोळ्या चाललेल्या असताना, दुसऱ्या पाळीच्या माणसांना आधी वाढून, न आलेल्यांचा वाटा फडक्यात बांधणारी बाई मात्र कुठल्याही पुस्तकात मला भेटलेली नाही.

कार्यक्रमात शेवटी वेग सुधारलेल्या प्रतीतला भाग वाजवला: पहिला भोंगा, पंगतीची हाक, आणि मग शेवटचं वाक्य. मधे धवला. आधी दोन मिनिटं नातवानेच सगळं समजावून सांगितलं, सेलपासून वाणापर्यंत, आणि चांगलं सांगितलं.

जतन आणि परवानगी

धवलारीण आता नाही. तिच्या सुनेला आणि नातीला भेटून त्यांची परवानगी घेतली. नात स्वतः धवला शिकतेय. तिला पूर्ण प्रत हवी होती, ती दिली. पहिल्या बाजूवर बायकांच्या बोलण्यात एका अजूनही गावात राहणाऱ्या घराबद्दल खासगी गोष्टी आहेत. माइक चालू आहे हे विसरून त्या बोलल्या होत्या. तो भाग मूळ प्रतीत आहे, पण ऐकायला दिल्या जाणाऱ्या प्रतीत बंद ठेवला आहे, आणि बंद का ठेवला ते नोंदीत लिहिलं आहे. पुसला नाही. पुढे कधी उघडायचा ते त्या घरातली माणसं ठरवतील.

कॅसेट घरच्यांकडे परत गेली, कोरड्या डब्यात, मागचे दोन्ही प्लास्टिकचे खुंट तोडून, म्हणजे कोणी चुकून वर काही भरणार नाही. डिजिटल प्रती तीन ठिकाणी आहेत, एक घरी आणि दोन बाहेर. प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत, वेग सुधारलेली प्रत आणि ग्रुपवर फिरलेली 'स्वच्छ' फाईलही ठेवली आहे. ती फाईलही आता या कॅसेटच्या इतिहासाचा भाग आहे. लोकांनी ती ऐकली, तिच्यावर वाद घातला, आणि त्या वादातूनच कॅसेट माझ्यापर्यंत आली.

नोंदपत्रकात लग्नाच्या तारखेपुढे दोन ओळी आहेत. पहिली: माघ शुद्ध पक्षाचा पहिला आठवडा, फेब्रुवारी १९८४, ध्वनिफितीतल्या संभाषणावरून आणि आहेराच्या वहीवरून. दुसरी: मार्गशीर्ष, गोळीबाराच्या आधी, घरातल्या ज्येष्ठ स्त्रीच्या सांगण्यावरून. दोन्हींच्या खाली त्यांचे आधार आहेत आणि त्यातली एकही कंसात टाकलेली नाही.

भोंगा कुठल्या कंपनीचा यावर त्या दोन निवृत्त कामगारांचं अजून एकमत नाही. दोन्ही कंपन्यांत पहिला भोंगा पावणेतीनलाच व्हायचा, त्यामुळे वेळेवरून निकाल लागत नाही. दोन्ही कारखाने बंद झालेत. एक म्हणतो आपला भोंगा असा बारीक नव्हताच. दुसरा म्हणतो वारा खाडीकडून असला की तो बारीकच यायचा. त्या दोघांचं बोलणं भरून घेतलंय, आणि त्या काळात पट्ट्यात काम केलेल्या आणखी माणसांना हा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवणं चालू आहे.